घोड्याचें गणित आणि मानसशास्त्राची कसोटी

इ. स. १९०४ च्या उन्हाळ्यांत बर्लिन शहरांतील एका फरसबंद अंगणांत लोकांची गर्दी होऊं लागली. विल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाचे एक वृद्ध, सेवानिवृत्त शाळामास्तर तेथें आपल्या घोड्याची परीक्षा घेत असत. घोड्याचें नांव हान्स. त्याला बेरीज किंवा वजाबाकी घातली कीं तो पुढल्या पायाच्या खुरानें जमिनीवर ठोके देऊन उत्तर सांगे. अपूर्णांकांचीं उदाहरणें तो सोडवी, घड्याळांत किती वाजले हें सांगे, आणि अक्षरांना ठरवून दिलेल्या आंकड्यांवरून शब्दहि जुळवी. महिन्याची आठ तारीख मंगळवारीं आली तर त्यापुढल्या शुक्रवारीं कोणती तारीख पडेल, या प्रश्नाला तो अकरा ठोके देऊन थांबे. बरोबर उत्तरास पावाचा तुकडा किंवा गाजर एवढेंच बक्षीस असे. या परीक्षेला मास्तरांनीं कधीं तिकीट लावलें नाहीं. शाळेंतील मुलांना शिकवावें तसें फळा पुढें ठेवून त्यांनीं कित्येक वर्षें घोड्यास शिकविलें होतें, आणि जनावरालाहि माणसासारखा विचार करतां येतो अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

प्रकरण इतकें गाजलें कीं त्याची वार्ता अमेरिकेंतील वृत्तपत्रांपर्यंत पोंचली. अखेर त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत तेरा जाणत्या गृहस्थांच्या एका समितीनें घोड्याची तपासणी केली. बर्लिन विश्वविद्यालयांतील मानसशास्त्राचे आचार्य कार्ल स्टुम्फ हे तिचे प्रमुख होते. सर्कशीचा चालक, घोडदळांतील अधिकारी, पशुवैद्य, शिक्षक असे नाना धंद्यांतले लोक तींत होते. लबाडी हुडकून काढण्यास याहून योग्य मंडळी मिळणें कठीण. समितीनें निर्वाळा दिला कीं, येथें कोणतीहि लबाडी नाहीं, आणि जनावरांना खेळ शिकविणारे ज्या खुणा वापरतात त्या येथें दिसत नाहींत. शिवाय धनी जवळ नसतां परक्या माणसानें प्रश्न विचारला तरी घोडा पुष्कळदां बरोबर उत्तर देत असे. मग घोड्याला गणित येतें असें मानण्यावांचून दुसरा मार्ग कोणता उरला?

हें कोडें सोडविलें तें ऑस्कर फुंग्स्ट या स्टुम्फ यांच्या साहाय्यकानें. त्याच्या प्रयोगांचा वृत्तांत इ. स. १९०७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, आणि मानसशास्त्राच्या प्रयोगपद्धतीचा एक आदर्श म्हणून तो आजहि अभ्यासिला जातो. फुंग्स्ट यांनीं प्रथम प्रश्नच बदलला. घोडा हुशार आहे कीं नाहीं याविषयीं वाद घालण्यापेक्षां, कोणती एक गोष्ट काढून घेतली असतां घोड्याचें उत्तर चुकूं लागतें, एवढेंच पाहावयाचें त्यांनीं ठरविलें. आंकडे लिहिलेले पुठ्ठे घोड्यास दाखवावयाचे. कधीं ते विचारणाराला दिसतील असे धरावयाचे, तर कधीं केवळ घोड्याला दिसतील असे. कधीं फॉन ओस्टेन यांनीं घोड्याच्या कानांत एक संख्या सांगावयाची, दुसरी फुंग्स्ट यांनीं सांगावयाची, आणि बेरीज विचारावयाची. अशा वेळीं दोघांपैकीं कोणालाहि उत्तर ठाऊक नसे. बेरीज करणें ती घोड्यानेंच करावयाची. कधीं घोड्याच्या डोळ्यांना मोठ्या झांपडी लावावयाच्या, म्हणजे विचारणारा माणूस त्याला दिसूं नये.

निकाल अगदीं स्पष्ट निघाला. विचारणाराला उत्तर ठाऊक असे आणि तो घोड्यास दिसत असे, तेव्हां शंभरांपैकीं सुमारें नव्वद किंवा त्याहूनहि अधिक उत्तरें बरोबर येत. यांपैकीं एक गोष्ट काढून घेतली कीं बरोबर उत्तरांचें प्रमाण शंभरांत दहांच्याहि खालीं जाई. म्हणजे घोड्याला आंकडे वाचतां येत नव्हते, बेरीजहि येत नव्हती. त्याला येत होतें तें माणूस वाचावयास. झांपडी लावल्यावर घोडा मान वळवून विचारणाराकडे पाहण्याची धडपड करी, ही गोष्टहि फुंग्स्ट यांच्या नजरेंतून सुटली नाहीं.

आतां त्यांनीं घोड्यावरून दृष्टि काढून ती विचारणाऱ्या माणसावर लावली. प्रश्न विचारून झाला कीं माणूस घोड्याचा खूर पाहण्यासाठीं नकळत किंचित् पुढें वांके. घोडा ठोके देऊं लागे. ठोके उत्तराच्या जवळ येऊं लागले कीं विचारणाऱ्याच्या मनावर ताण येई. शेवटचा ठोका पडतांच तो ताण सुटे आणि त्याचें मस्तक अगदीं थोडें वर उचललें जाई. ही हालचाल बहुधा एक-दोन मिलिमीटरांहून अधिक नसे. ती करणाऱ्याला तिची जाणीव नसे, भोंवतालच्या लोकांनाहि ती दिसत नसे. घोड्याला मात्र ती दिसे, कारण त्याचें गाजर तिच्यावर अवलंबून होतें. फुंग्स्ट यांनीं मुद्दाम मस्तक उचलून घोड्यास वाटेल त्या आंकड्यावर थांबवून दाखविलें. इतकेंच नव्हे, तर प्रयोगशाळेंत ते स्वतःच घोडा झाले. समोरच्या माणसानें मनांत एक संख्या धरावयाची आणि फुंग्स्ट यांनीं हातानें ठोके देत जावयाचें. अशा पंचवीस जणांपैकीं दोघे वगळतां सर्वांच्या मस्तकाची तीच सूक्ष्म हालचाल झाली, आणि मनांतली संख्या फुंग्स्ट यांना कळली. विशेष हें कीं, रहस्य ठाऊक झाल्यानंतरहि स्वतः फुंग्स्ट यांना घोड्यापुढें ती हालचाल पूर्णपणें दाबून ठेवतां आली नाहीं.

फॉन ओस्टेन यांना हा निर्णय कधींच पटला नाहीं. घोड्याच्या बुद्धीवरील विश्वास कायम ठेवूनच इ. स. १९०९ मध्यें ते वारले. त्यांनीं कोणास फसविलें नव्हतें. तेरा जणांची समितीहि आंधळी नव्हती. समितीनें दोनच शक्यता पुढें ठेवल्या होत्या, लबाडी किंवा बुद्धि. लबाडी नाहीं असें ठरल्यावर बुद्धि शिल्लक राहिली. प्रामाणिक माणूस स्वतःला नकळत उत्तर पुरवीत असेल, ही तिसरी शक्यता तपासण्याची सोय त्या तपासणींत नव्हती. या ठिकाणीं मानसशास्त्राच्या प्रयोगाचा पहिला नियम हातीं लागतो. प्रयोगकर्ता सचोटीचा आहे, एवढ्यानें प्रयोग विश्वसनीय ठरत नाहीं. सचोटीच्या माणसाचीहि इच्छा प्रयोगांत शिरूं शकणार नाहीं, अशी प्रयोगाची रचनाच असावी लागते.

पदार्थविज्ञानांत ही अडचण सहसा येत नाहीं. दगड किती वेगानें खालीं पडावा अशी पाहणाऱ्याची इच्छा आहे, हें दगडाला कळत नाहीं. मानसशास्त्रांत मात्र ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो प्राणी प्रयोगकर्त्याकडे पाहत असतो, त्याच्या बोलण्याचा सूर ऐकत असतो, आणि त्याला काय हवें आहे याचा अदमास घेत असतो. यावर उपाय म्हणजे माहिती झांकून ठेवणें. इंग्लंडांत डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स यांनीं मद्य आणि इतर द्रव्यें यांचा थकव्यावर काय परिणाम होतो याचे प्रयोग करून ते इ. स. १९०८ मध्यें प्रसिद्ध केले. पिणाराला आपण खरें द्रव्य घेतलें कीं नुसतें तसलेंच दिसणारें पेय घेतलें हें ओळखूं येऊं नये, अशी व्यवस्था त्यांनीं केली होती. पुढें या कल्पनेचा विस्तार होऊन, औषध घेणारा आणि परिणाम नोंदणारा या दोघांनाहि खरें कोणतें व खोटें कोणतें हें कळूं द्यावयाचें नाहीं, अशी दुहेरी झांकणीची पद्धति रूढ झाली. आज नव्या औषधांच्या परीक्षेंत तिचें महत्त्व सर्वमान्य आहे.

माहिती झांकली तरी आणखी एक शत्रु उरतो, तो म्हणजे योगायोग. या बाबतींत इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीं इ. स. १९३५ च्या आपल्या ग्रंथांत दिलेलें चहाचें उदाहरण घरोघर समजण्यासारखें आहे. एक बाई म्हणतात, पेल्यांत दूध आधीं घातलें कीं चहा आधीं ओतला, हें आपणांस चवीवरून सांगतां येतें. याची परीक्षा कशी घ्यावी? फिशर सांगतात, आठ पेले तयार करावे. चारांत दूध आधीं, चारांत चहा आधीं. ते कोणत्या क्रमानें पुढें ठेवावयाचे हें कोणाच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकून ठरवावें. दूध आधीं घातलेले चार पेले बाईंनीं निवडावे. आठांतून चार निवडण्याच्या एकंदर सत्तर रीति आहेत, आणि त्यांतील एकच संपूर्ण बरोबर आहे. तेव्हां केवळ अंदाजानें सर्व पेले बरोबर ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक. असें घडलें तर तो योगायोग नसावा, असें म्हणण्यास आधार मिळतो. चिठ्ठ्या टाकण्याचें महत्त्व याच्याहि पुढें जातें. मुलांचे दोन वर्ग करून एकास नव्या पद्धतीनें शिकवावयाचें असेल, आणि कोणतें मूल कोणत्या वर्गांत जावें हें शिक्षकानेंच ठरविलें, तर हुशार मुलें नकळत नव्या वर्गांत जातील, आणि मग नव्या पद्धतीच्या नांवावर मुळांतली हुशारी जमा होईल. चिठ्ठ्यांना कोणाचें प्रेम नसतें, म्हणून त्यांच्यावर भरंवसा ठेवावयाचा.

फॉन ओस्टेन यांच्यासारखी चूक शिकलेल्या प्रयोगकर्त्यांकडूनहि होते, हें अमेरिकेंत रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनीं इ. स. १९६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें दिसून आलें. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकीं पांच पांढरे उंदीर देण्यांत आले आणि त्यांना वाट शोधावयास शिकविण्याचें काम सोंपविलें. सहा जणांना सांगितलें कीं, तुमचे उंदीर चलाख वंशांतले आहेत. उरलेल्या सहांना सांगितलें कीं, तुमचे मंद वंशांतले आहेत. वस्तुतः सगळे उंदीर एकाच प्रकारचे असून वांटणी सरसकट केलेली होती. तरीहि ‘चलाख’ उंदरांनीं ‘मंद’ उंदरांपेक्षां चांगलें काम केलें. चलाख म्हणून मिळालेल्या उंदरांना विद्यार्थ्यांनीं अधिक वेळां व अधिक हळुवारपणें हाताळलें, असें त्यांच्याच सांगण्यावरून दिसलें. अपेक्षा विद्यार्थ्यांच्या मनांत होती. ती उंदरांच्या पायांत उतरली.

घोडा आणि उंदीर यांच्यापर्यंत हा विषय राहिला असता, तर तो विद्वानांच्या करमणुकीचा म्हणून सोडून देतां आला असता. परंतु इ. स. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत याच चुकीमुळें अनेक कुटुंबें होरपळून निघालीं. ऑस्ट्रेलियांत निघालेली एक पद्धति त्या सुमारास अमेरिकेंत झपाट्यानें पसरली. स्वमग्नता असलेलीं, बोलूं न शकणारीं मुलें आणि प्रौढ माणसें यांचा हात अगर मनगट एका साहाय्यकानें धरावयाचें, आणि मग त्यांनीं अक्षरांच्या फळ्यावर किंवा टंकयंत्रावर बोट ठेवून आपलें मनोगत लिहावयाचें, अशी ती पद्धति होती. ज्या मुलाच्या तोंडून जन्मांत शब्द निघाला नाहीं, त्याच्या बोटांतून वाक्यें आणि कविता उमटूं लागल्या. आपलें मूल आंतून सर्व जाणत होतें असें पाहून आईबापांच्या डोळ्यांना पाणी आलें असल्यास नवल नाहीं. पुढें कांहीं मुलांच्या बोटांतून आईबापांवर लैंगिक अत्याचाराचे आरोपहि उमटले. मुलांना घरांतून हलविण्यांत आलें, बापांवर खटले झाले.

न्यायालयापुढें आणि संस्थांपुढें एकच प्रश्न उभा राहिला: हें कोण लिहितें आहे? न्यू यॉर्क राज्यांतील एका संस्थेंत बारा रहिवाशांवर त्याची परीक्षा झाली आणि ती इ. स. १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली. रहिवाशाला एक चित्र दाखवावयाचें, आणि साहाय्यकाला, दोघांना एकमेकांचें दिसणार नाहीं अशा रीतीनें, कधीं तेंच तर कधीं दुसरें चित्र दाखवावयाचें. रहिवाशाला किल्ली दिसत असेल आणि साहाय्यकाला पेला दिसत असेल, तर बोट कोणता शब्द लिहील? साहाय्यकाला चित्र ठाऊक नसतांना एकहि खरें उत्तर आलें नाहीं. चित्रें निरनिराळीं असतां जो शब्द उमटे तो साहाय्यकानें पाहिलेल्या चित्राचा असे. इतर ठिकाणच्या नियंत्रित परीक्षांचाहि कल हाच निघाला, आणि इ. स. १९९४ मध्यें अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें या पद्धतीस शास्त्रीय आधार नाहीं असा ठराव केला. साहाय्यक लबाड नव्हते. आपण केवळ हात धरतों, लिहितें तें मूल, असें त्यांना मनापासून वाटत होतें. घोड्याच्या दोन कानांत दोघांनीं निरनिराळ्या संख्या सांगण्याची जी युक्ति फुंग्स्ट यांनीं योजिली, तीच येथें चित्रांच्या रूपानें पुन्हां उपयोगीं पडली. एवढी साधी परीक्षा आरोप होण्यापूर्वीं झाली असती, तर कित्येक घरें वांचलीं असतीं. हीच पद्धति थोडी बदलून, निराळ्या नांवांनीं, आजहि कांहीं ठिकाणीं चालते.

येथवर जें सांगितलें तें प्रयोगाच्या आंतील खरेपणाविषयीं झालें. अमुक कारणानें अमुक परिणाम झाला, हें त्या प्रयोगापुरतें तरी निश्चित आहे काय, असा तो प्रश्न. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कँबेल यांनीं इ. स. १९५७ मध्यें याला आंतरिक यथार्थता असें नांव दिलें, आणि तिच्या जोडीला बाह्य यथार्थता ठेवली. एका प्रयोगशाळेंत, कांहीं थोड्या माणसांवर जें आढळलें, तें इतर माणसांना, इतर देशांत, इतर परिस्थितींत लागू पडतें काय, हा दुसरा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आलें तरी दुसऱ्याचें ‘नाहीं’ असें येऊं शकतें.

याचें एक जुनें उदाहरण भारतांतलेंच आहे. समान लांबीच्या दोन रेघा काढाव्या; एकीच्या टोकांना बाणाच्या अग्रासारख्या आंत वळलेल्या आणि दुसरीच्या टोकांना बाहेर पसरलेल्या लहान रेघा जोडाव्या. दुसरी रेघ लांब भासते. हा दृष्टिभ्रम मनुष्यमात्राच्या डोळ्यांचा धर्म आहे असें युरोपांतील प्रयोगांवरून वाटे. पेयांचे प्रयोग करणाऱ्या त्याच रिव्हर्स यांनीं निलगिरीच्या डोंगरांतील तोडा लोकांवर याची परीक्षा केली व इ. स. १९०५ मध्यें ती प्रसिद्ध केली. तोडांना हा भ्रम इंग्लिश लोकांपेक्षां कमी होतो असें त्यांना आढळलें. इ. स. १९६६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत तर आफ्रिकेंतील कलहारी वाळवंटांतल्या शिकारी लोकांना तो जवळजवळ होतच नाहीं असें दिसलें. कारणाबद्दल अजून वाद आहेत. परंतु रेघ पाहण्यासारख्या साध्या गोष्टींतहि एका समाजावरून साऱ्या मनुष्यजातीविषयीं बोलणें धोक्याचें आहे, हें त्यावरून उघड होतें. असें असूनहि इ. स. २००८ च्या एका पाहणींत, मानसशास्त्राच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकांत ज्या माणसांवर संशोधन झालें त्यांपैकीं शेंकडा ९६ माणसें पाश्चात्य औद्योगिक देशांतलीं निघालीं. त्या देशांची लोकसंख्या जगाच्या शेंकडा १२ च्या आसपास होती.

तिसरा प्रश्न मोजमापाच्या नांवाचा. ज्या गुणाचें नांव कसोटीला दिलें तोच गुण ती मोजते काय? पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें सुमारें सतरा लक्ष शिपायांची बुद्धि मोजली. इंग्रजी न वाचतां येणाऱ्यांसाठीं चित्रांची निराळी कसोटी होती. चित्रांत काय कमी आहे तें दाखवावयाचें. एका चित्रांत टेनिसच्या मैदानावर जाळें नव्हतें, दुसऱ्यांत ग्रामोफोनला कर्णा नव्हता. इटलीच्या खेड्यांतून नुकत्याच आलेल्या ज्या मजुरानें टेनिस किंवा ग्रामोफोन पाहिलाच नाहीं, त्याला येथें काय कमी आहे हें कसें सुचावें? तरी त्याच्या नांवापुढें पडला तो बुद्धीचा कमीपणा. इ. स. १९२३ मध्यें कार्ल ब्रिगॅम यांनीं या आंकड्यांवरून दक्षिण व पूर्व युरोपांतले लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असल्याचा सिद्धान्त मांडला. अमेरिकेंत अधिक वर्षें राहिलेल्या परकीयांचे गुण अधिक येतात, ही गोष्ट त्याच आंकड्यांत होती. कसोटी अमेरिकेची ओळख मोजते आहे असा तिचा सरळ अर्थ होतो, पण तो त्यांनीं घेतला नाहीं. इ. स. १९२४ मध्यें अशा लोकांचें आगमन रोखणारा कायदा झाला. या आंकड्यांचा त्यावर कितपत परिणाम झाला याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. ब्रिगॅम यांनीं इ. स. १९३० मध्यें आपला सिद्धान्त निराधार म्हणून स्वतःच मागें घेतला. कायदा मात्र मागें घेतला गेला नाहीं.

या दृष्टीनें महाराष्ट्राच्या जवळचें एक काम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं इ. स. १९०५ मध्यें तयार केलेल्या बुद्धिमापनाच्या कसोट्यांचें व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठीं रूपांतर केलें, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. असें रूपांतर हें नुसतें भाषांतर नव्हे. नाणीं बदलतात, चित्रांतल्या वस्तु बदलतात. एका भाषेंत सोपा असलेला शब्द दुसरींत कठीण ठरतो. म्हणून कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला सुटतो हें येथल्याच मुलांवर पुन्हां पाहावें लागतें. परक्या फूटपट्टीवर आपल्या मुलांचे आंकडे वाचणें सोपें असतें; परंतु मुलाला कोणत्या शाळेंत घालावें असले निर्णय त्या आंकड्यांवर होऊं लागले, म्हणजे त्या सोपेपणाची किंमत मुलाला द्यावी लागते.

या सर्व कसोट्यांना उतरलेला निष्कर्षहि दुसऱ्याच्या हातीं पुन्हां आला पाहिजे. इ. स. २०१५ मध्यें सुमारें २७० संशोधकांनीं मिळून, नामांकित नियतकालिकांत छापून आलेले मानसशास्त्रांतले शंभर प्रयोग नव्यानें करून पाहिल्याचा अहवाल दिला. मूळच्या प्रयोगांपैकीं शेंकडा ९७ प्रयोगांत योगायोगापलीकडचा परिणाम सांगितला होता. पुनःप्रयोगांत तो शेंकडा ३६ प्रयोगांतच आढळला, आणि परिणामाचें मान सरासरीनें निम्म्यावर आलें. याचा अर्थ उरलेले सर्व प्रयोग खोटे होते असा नव्हे. माणसें थोडीं घेणें, अनेक तऱ्हांनीं हिशेब करून त्यांतला अनुकूल तेवढाच छापणें, आणि फसलेले प्रयोग पेटींत ठेवून देणें, या संवयींचें फळ पुष्कळ अंशीं या आंकड्यांत दिसतें.

त्या काळांतलें एक उदाहरण तर थेट बर्लिनच्या अंगणाची आठवण करून देणारें आहे. इ. स. १९९६ मध्यें न्यू यॉर्क येथील संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें होतें कीं, म्हातारपणाशीं संबंध असलेले शब्द वाक्यांत जुळवावयास दिले असतां तरुण विद्यार्थी नंतर दालनांतून सावकाश चालत जातात. हा प्रयोग फार गाजला. ब्रसेल्स येथील संशोधकांनीं तो पुन्हां केला व इ. स. २०१२ मध्यें छापला. अदृश्य किरणांच्या यंत्रानें चालण्याचा वेळ मोजला, तेव्हां कांहींच फरक पडला नाहीं. मग त्यांनीं नवे प्रयोगकर्ते घेतले. निम्म्यांना सांगितलें कीं विद्यार्थी सावकाश चालतील, निम्म्यांना सांगितलें कीं भरभर चालतील. ज्यांना सावकाश चालण्याची अपेक्षा होती, त्यांचेच विद्यार्थी ते शब्द वाचल्यावर सावकाश चालले.

मानसशास्त्र म्हणजे सगळा भ्रम, असा याचा अर्थ काढणें मात्र अन्यायाचें होईल. हीं व्यंगें बाहेरच्या टीकाकारांनीं शोधलीं नाहींत. तीं मानसशास्त्रज्ञांनीं, आपल्याच पद्धतीनें, आपल्याच शास्त्रांत शोधलीं. उपायहि तेच करीत आहेत. प्रयोगास आरंभ करण्यापूर्वींच काय मोजावयाचें आणि हिशेब कसा करावयाचा हें लिहून नोंदवून ठेवावें, म्हणजे मागाहून अनुकूल हिशेब निवडतां येऊं नये, ही रीति आतां पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. अनेक देशांतल्या प्रयोगशाळा मिळून एकच प्रयोग एकाच पद्धतीनें करतात, आणि मूळ आंकडे सर्वांस पाहावयास खुले ठेवतात.

सामान्य कुटुंबांना या शास्त्राशीं रोज संबंध येतो. मुलांची बुद्धि वाढविणारी शिकवणी, स्वभाव सांगणारी प्रश्नपत्रिका, मन शांत करणारा उपाय, या सर्वांबरोबर ‘शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे’ हें वाक्य येतें. तें वाक्य ऐकून मान डोलावणें किंवा हंसणें या दोन्ही गोष्टी सारख्याच निष्फळ आहेत. त्याऐवजीं चार प्रश्न विचारावे. तुलनेला दुसरा गट होता काय, आणि तो चिठ्ठ्या टाकून निवडला होता काय? परिणाम नोंदणाराला कोण कोणत्या गटांतला हें ठाऊक होतें काय? ज्या माणसांवर प्रयोग झाला तीं आपल्यासारखीं होतीं काय? आणि दुसऱ्या कोणी तो प्रयोग करून तेंच फळ मिळविलें काय? या प्रश्नांना शास्त्राची पदवी लागत नाहीं. उत्तरें समाधानकारक आलीं तर त्या निष्कर्षावर अवश्य विसंबावें. तीं मिळेपर्यंत मात्र मुलाचें वर्ष, घरांतला पैसा किंवा एखाद्या माणसाची अब्रू त्या वाक्यावर पणाला लावूं नये.